पिढीजात दागिना आणि नवी घडण : अंबाजोगाई परिसराच्या निमित्ताने

घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दागिना किंवा चांदी-सोन्याची एखादी वस्तू सुटी करून, मोडून अथवा आटवून तिच्यापासून नवा दागिना हाताने घडवून घेणे, हा व्यवहार अलीकडे हौसेचा आणि काहीसा शहरी मानला जाऊ लागला आहे; परंतु बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या अंबाजोगाईसारख्या गावातील जुन्या कुटुंबांची रीत पाहिली, तर दागिना मोडून पुन्हा घडवणे हाच इथला नेम होता आणि एकच दागिना जसाच्या तसा तीन-चार पिढ्या राहणे हा अपवाद होता, असे दिसते. सासूच्या भरीव गोठांतून सुनेच्या पट्टीदार पाटल्या होत, पाटल्यांतून लेकीच्या लग्नात तिच्या अंगावर घालायची बोरमाळ होई, आणि उरलेल्या गुंजभर सोन्यात बारशाच्या अंगठीची सोय लागे. म्हणजे वारसा म्हणून जे पुढे जाई ते सोने आणि त्या सोन्यावरचा हक्क. आकार हा ज्या त्या पिढीचा ज्या त्या पिढीने ठरवायचा असे.

या व्यवहारातील काही शब्द आरंभीच स्पष्ट केलेले बरे. जुना दागिना केवळ धातूच्या भावाने सोनाराकडे किंवा सराफाकडे देणे याला ‘मोड’ म्हणतात. मोडीतून आलेला धातू मुशीत वितळवणे म्हणजे आटवणे. आटवलेल्या धातूला ठोकून, ओढून, जोडून नवा आकार देणे ही घडण. आणि त्या कामाची मजुरी म्हणजे घडणावळ. सराफ आणि सोनार हे दोन शब्द आज सैलपणे एकाच अर्थाने वापरले जात असले, तरी सराफ हा सोन्या-चांदीची खरेदी-विक्री करणारा व्यापारी, आणि सोनार हा ऐरण, हातोडी, फुंकणी घेऊन बसणारा कारागीर, हा भेद या विषयापुरता तरी पाळावा लागतो. गावगाड्यात नाण्यांचा कस पाहणाऱ्याला पोतदार म्हणत आणि बारा बलुतेदारांच्या अनेक याद्यांत त्याचे नाव येते. हे काम बहुधा सोनाराकडेच असे, म्हणून दागिना घडवणारा आणि नाणे पारखणारा माणूस एकच असे. या परिसरातील जुने दागिने समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण येथील पुष्कळ दागिने हे मुळात नाण्यांचेच दुसरे रूप आहेत.

मोडीची ही रीत किती खोलवर गेलेली आहे, याचा पुरावा अंबाजोगाई परिसरातच दगडात कोरलेला सापडतो. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतींवर सुरसुंदरी, म्हणजे देवालयाची शोभा वाढवण्यासाठी कोरलेल्या स्त्रीमूर्ती, आहेत. त्यांच्या अंगावरील हार, बाजूबंद, मेखला आणि नूपुरे शिल्पकाराने इतक्या बारकाईने घडवली आहेत की त्या काळच्या सुवर्णकारीचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. खुद्द अंबाजोगाईत यादवराजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचे मंदिर आहे, सकलेश्वराचे (लोकांच्या तोंडी बाराखांबी) जुने देवालय आहे, आणि हे गाव तेराव्या शतकात राजकीय व धार्मिक दृष्ट्या महत्त्वाचे ठाणे होते याविषयी दुमत नाही. एवढे वैभव असलेल्या भूभागातील घरांत मात्र आज त्या काळचा सोन्याचा मणीसुद्धा दागिना म्हणून वापरात आढळत नाही. त्याचे कारण केवळ लूट किंवा दुष्काळ असे मानता येणार नाही. ते सोने बहुधा कुठेच गेलेले नसावे, ते वीस-पंचवीस पिढ्यांच्या मुशींतून फिरत राहिले असावे, आणि आजच्या एखाद्या मंगळसूत्राच्या वाटीत त्याचा अंश असला तरी तो ओळखण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही.

याच्या उलट उदाहरणही याच गावात आहे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील विषय एका लांबलचक पासोडीवर, म्हणजे जाड कापडाच्या पांघरुणावर, लिहून काढला आणि ती पासोडी चार शतके अंबाजोगाईत जपली गेली. कापड हे सोन्याच्या मानाने किती तरी नाशवंत. तरी कापड राहिले आणि सोन्याचे आकार गेले, कारण त्या कापडावर मजकूर होता आणि तो मजकूर मोडून दुसरा करण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. दागिन्यावर मात्र त्याच्या मालकिणीचे नाव नसते, घडवणाऱ्याचेही बहुधा नसते, आणि त्याची हकीकत सांगणारी आजी गेली की उरते ते फक्त वजन. मोडीचा विचार करताना हा फरक मध्यवर्ती मानला पाहिजे, असे प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे आहे.

अंबाजोगाई हे गाव निजामाच्या राज्यात मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई आणि येथे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. छावणी आली की रोख पगार, बाजारपेठ आणि सराफी येते. त्यामुळे येथील घरांत दोन प्रकारचे रुपये साठत गेले. एक निजाम सरकारचा ‘हाली शिक्का’, ज्याच्या विसाव्या शतकातील नाण्यांवर चारमिनारची आकृती असे. आणि दुसरा इंग्रज सरकारचा ‘कलदार’, ज्यातील व्हिक्टोरिया राणीच्या मुद्रेच्या नाण्याला ‘राणीछाप’ म्हणत. कलदार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते आणि इंग्रज अमदानीत तोळ्याचे मापही तेच ठरवले गेले. त्याआधीपासून चालत आलेल्या कोष्टकात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा धरत; आता एक कोरा रुपया ताजव्यात टाकला की तोळ्याचे वजन तयार मिळू लागले. कलदारात चांदीचे प्रमाण सुमारे ९१.७ टक्के, तर सुमारे ११.१८ ग्रॅम वजनाच्या हाली रुपयात ते ८१.८ टक्के असे. म्हणजे एकात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम, तर दुसऱ्यात ९.१ ग्रॅम. सात हाली रुपये बरोबर सहा कलदार हा जो व्यवहारातील हिशेब होता, त्याचे मूळ या आकड्यांत आहे.

हा तपशील आज कोणाला नाणकशास्त्राचा, म्हणजे जुन्या नाण्यांच्या अभ्यासाचा, वाटेल; पण आजीच्या पेटीतील रुपयांपासून गळ्यातले किंवा कानातले करून घेऊ इच्छिणाऱ्या नातीला त्याचा थेट उपयोग आहे. १९४० पासून कलदार रुपयातील चांदी निम्म्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर आणली गेली, त्याच दशकात हाली रुपयाचीही तीच गत झाली, आणि १९४७ च्या कलदारात तर चांदी उरलीच नाही, ते निकेलचे आहेत. सारख्याच दिसणाऱ्या पाच रुपयांच्या माळेत तीन प्रकारचे धातू असू शकतात. ते आटवले तर मिश्रण काळवंडते आणि फुटीर होते, म्हणजे हातोडीखाली चिरते. नाणे आटवण्याऐवजी तसेच ठेवून त्याला नाके डाकवले, म्हणजे कडी ओवण्यासाठी छोटे वळे तापवून जोडले, तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते. तिसरा आणि सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे नाण्याला धक्का न लावता ते चांदीच्या कोंदणात, म्हणजे कडेने वळवून दाबलेल्या पट्टीत, बसवणे. त्यात नाणे तापत नाही, त्याला भोक पडत नाही आणि मनात आले तेव्हा ते बाहेर काढता येते.

नाण्याचा दागिना ही कल्पना काही निजामाच्या काळात जन्मली नाही. महाराष्ट्रभर घालण्यात येणाऱ्या पुतळ्यांच्या माळेचा संबंध व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅट या नाण्याशी जोडला जातो; साधारण साडेतीन ग्रॅम वजनाचे हे जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर येई आणि त्यावरील उभ्या-गुडघे टेकलेल्या आकृत्यांमुळे त्याला पुतळी म्हणत. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपले, तरी पुतळ्या येथे होतच राहिल्या. सोनारांनी ठशावर ठोकून त्यांच्या नकला केल्या आणि पुढे ख्रिस्ती संताच्या जागी लक्ष्मी आली. परक्या देशाचे चलन मोडून गळ्यातला डाग करणारा समाज आपल्या आजीच्या चलनाबाबत निराळे वागेल, अशी अपेक्षा करण्याचे कारण नाही.

सोनाराच्या पेढीवर मोड गेल्यानंतर प्रत्यक्षात काय घडते, हे बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते, आणि गैरसमजांचे मोठे कारण तेच आहे. जुन्या बोरमाळेचे किंवा तोड्यांचे पोकळ भाग लाखेने भरलेले असत, जेणेकरून पातळ पत्रा दबू नये. दोरा, मेण आणि मळ यांचेही वजन असते. प्रथम हे सर्व काढले जाते, मग कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून, तेजाब लावून सोन्याचा कस पाहिला जातो. समजा, एखाद्या माळेचे एकूण वजन ३० ग्रॅम भरले आणि त्यात लाख व दोरा ६ ग्रॅम निघाला, तर धातू उरतो २४ ग्रॅम; तो २० कॅरटचा असल्यास त्यात शुद्ध सोने २० ग्रॅम असते, आणि त्याचे २२ कॅरटचे नवे दागिने करायचे म्हटले, तर घट धरण्यापूर्वीच वजन सुमारे २१.८ ग्रॅम होते. तीस ग्रॅम देऊन एकवीस ग्रॅम मिळाल्याची तक्रार सराफकट्ट्यावर नेहमी ऐकू येते, पण यातील मोठा भाग फसवणुकीचा नसून लाखेचा आणि कसाचा असतो. अर्थात, फसवणूक होतच नाही असेही नाही, आणि म्हणूनच लाख काढल्यानंतरचे वजन गिऱ्हाइकासमोर व्हावे हा आग्रह रास्त आहे.

कस उतरण्याचे एक कारण घडणीतच दडलेले आहे. दोन भाग जोडण्यासाठी जे डाक वापरतात, ते मूळ सोन्यापेक्षा कमी उष्णतेत वितळले पाहिजे. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते, म्हणून डाकात तांबे, चांदी किंवा जस्त मिसळून त्याचा वितळणबिंदू खाली आणावा लागतो. बारीक कामाच्या दागिन्यात जोड अधिक, म्हणून डाक अधिक, म्हणून आटवल्यावर कस कमी. याचा अर्थ असा की सोनाराने ज्या दागिन्यावर सर्वांत जास्त कौशल्य खर्च केले, तोच मोडीत सर्वांत कमी भाव आणतो. एके काळी ‘केडीएम’ या नावाने गाजलेल्या दागिन्यांत कॅडमियमचे डाक वापरून ही अडचण टाळली जाई. पण कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असल्याने ती पद्धत बाद ठरली. मुशीत टाकणखार घालून मळ वर काढणे, शिशाचा अंश राहू न देणे, जंत्रीच्या भोकांतून तार ओढणे, ही कामे आजही हातानेच चांगली होतात. कानशीने उडालेला सोन्याचा कीस, राखेतले कण आणि पेढीपुढील गटारातील माती हेही वाया जात नाही. ती माती विकत घेऊन, धुऊन, त्यातून सोने वेगळे करणारे झारेकरी हा या व्यवसायाचा फारसा न दिसणारा, परंतु पूर्वापार घटक आहे.

मोडीखेरीज दुसरा एक मार्ग होता, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. पटवेकरी म्हणजे रेशमी किंवा सुती दोऱ्यात मणी, पुतळ्या, पदके ओवून, त्यांना गाठी मारून आणि मागे गोंडा लावून दागिना सिद्ध करणारा कारागीर. त्याच्या या कामाला गाठणे किंवा गाठवणे म्हणतात. ठुशी म्हणजे बारीक मण्यांचा गळ्यालगत बसणारा दागिना, एकदाणी म्हणजे गोल मण्यांचा एकपदरी सर, जोंधळी पोत म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या मण्यांची माळ. हे सर्व सोनार आणि पटवेकरी या दोघांच्या हातून पुरे होत. यांचे वैशिष्ट्य असे की ते सुटे होऊ शकतात. एका बोरमाळेचे मणी दोन बहिणींत निम्मे-निम्मे वाटून प्रत्येकीने आपापले काळे मणी आणि पोवळी मिसळून निराळी माळ गाठवून घेतली, तर मूळ मणी जसेच्या तसे राहतात, ठोक्यांच्या खुणांसकट. कस उतरत नाही, घट येत नाही, आणि घडणावळीऐवजी गाठणावळ द्यावी लागते, जी नाममात्र असते. दोऱ्याची जागा सोन्याच्या तारेने आणि साखळीने घेतल्यावर पटवेकऱ्याचे काम आटत गेले आणि त्याबरोबर दागिना न मोडता बदलण्याची सोयही आटत गेली. आज ‘हस्तनिर्मित दागिने’ या नावाखाली जे काम नव्याने केले जात आहे, त्यातील उत्तम भाग हा नकळत पटवेकऱ्याच्याच वाटेवर आलेला आहे. करणाऱ्यांना बहुधा ते माहीत नसते, एवढेच.

सगळे मोडता येते, असे मात्र कोणतेही कुटुंब मानत नव्हते. देव्हाऱ्यातील टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली कुलदैवताची किंवा पूर्वजाची लहान प्रतिमा, हा मोडीत न घालण्याचा जिन्नस होता. योगेश्वरी ही अंबाजोगाईची ग्रामदेवता पुष्कळ कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी असल्याने तिच्या दर्शनाला लांबून कुटुंबे येतात, आणि लग्नकार्याआधी देव उजळून आणणे, म्हणजे टाक सोनाराकडून साफ करून घेणे, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. झिजून आकृती पुसट झालेला टाक नवा करवून घेतात, तेव्हा जुना बहुतेक घरांत नदीत किंवा क्षेत्राच्या ठिकाणी विसर्जित करतात. काही घरांत मात्र त्याच चांदीत भर घालून नवा टाक ठोकवतात, पण त्याचे पैंजण करत नाहीत. काही समाजांत दुसरेपणावर आलेली पत्नी पहिल्या, मृत पत्नीच्या नावाचा टाक गळ्यात घाली. असा ‘सवतीचा टाक’ जुन्या पेटीत सापडला, तर तो शोभेचे पदक म्हणून वापरण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेले बरे. सोने कमरेखाली घालू नये हा संकेतही अद्याप पाळला जातो, त्यामुळे सोन्याच्या पाटलीचे काहीही होऊ शकते, जोडवी होत नाहीत. आणि पायातील चांदी गळ्यात आणताना ती आटवून घेण्याकडेच बायकांचा कल असतो.

दागिना मोडण्याचा निर्णय कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणी या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात होऊन गेला. हे ठिकाण मराठवाड्याच्या सीमेला लागूनच आहे. त्याने स्त्रीधनाची, म्हणजे स्त्रीच्या स्वतःच्या मालकीच्या धनाची, व्याख्या व्यापक केली आणि त्या धनाच्या वारसाहक्कात मुलींना अग्रक्रम दिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ नुसार हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली जाते, आणि ‘प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार’ या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे सासरच्यांच्या हाती असले तरी तिचेच, हे स्पष्ट केले. व्यवहारात मात्र सासूचे दागिने सुनेने कधी मोडावेत, थोरलीने की धाकटीने, लेकीचा वाटा किती, हे कज्जे घरातल्या घरात मिटतात किंवा मिटत नाहीत. एका मोठ्या दागिन्याचे तीन वारस झाले की तो सरळ आटवून तीन सारखे भाग करण्याकडे कल जातो. उत्तम जुने दागिने ज्या प्रमाणात वाटणीपायी नष्ट झाले, त्या प्रमाणात ते हौसेपायी झालेले नाहीत.

सरकारी धोरणानेही या व्यवहाराला वळणे दिली आहेत. चीनशी झालेल्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू झाले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई झाली. असंख्य सोनार बेकार झाले आणि अनेक घराण्यांनी हा पिढीजात धंदा कायमचा सोडला. ती मर्यादा पुढे उठली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत कारागिरावरची बंधने पुरती सैल झाली नाहीत. अलीकडे १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत मुद्रा, सक्तीची झाली असून १ एप्रिल २०२३ पासून सक्ती लागू असलेल्या जिल्ह्यांत सहा अंकाक्षरांचा ‘एचयूआयडी’ क्रमांक असल्याशिवाय नवा दागिना विकता येत नाही. ही सक्ती विक्रेत्यावर आहे. घरातील जुना, मुद्रा नसलेला दागिना बाळगण्यास किंवा तो मोडीत देण्यास तिची आडकाठी नाही, आणि वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान व्यावसायिकाला तीतून सूट आहे. छोट्या गावातील सोनाराला हे नेमके ठाऊक नसल्यामुळे तो पुष्कळदा नसलेल्या कायद्याला घाबरतो, आणि गिऱ्हाईक आटवणीच्या मोठ्या दुकानाकडे वळते.

अंबाजोगाई ज्या बीड जिल्ह्यात आहे, तो ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन हजारो कुटुंबे कारखान्यांच्या फडांवर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा घरांत डोरले किंवा चांदीचे कडे हे बचतीचे साधन असते, गरजेला गहाण पडते, सुटते, पुन्हा पडते, आणि एखाद्या कोरड्या वर्षी सुटतच नाही. वारशाच्या दागिन्यांवर लिहिणारे बहुधा वाड्यांतील पेट्यांचा विचार करतात. या जिल्ह्यात तरी तो विचार अपुरा पडतो. तांड्यांवरील बंजारा स्त्रियांच्या केसांत गुंफलेल्या घुगरी-टोपल्या, गळ्यातील हासळी आणि नाण्यांचे हार यांची तर दुहेरी हानी झाली: अडचणीत ते किलोच्या भावाने विकले गेले, आणि शहरांतील दुकानांत त्यांचेच तुकडे ‘आदिवासी दागिने’ या ढोबळ नावाने महाग झाले. ज्या हातांनी ते घातले त्यांची नावे त्या व्यापारात कुठेही येत नाहीत, हे जुन्यातून नवे करणाऱ्या प्रत्येक कलावंताने लक्षात घेतले पाहिजे. हस्तिदंती चुड्यांबाबत तर प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झालेला असल्याने घरातला जुना चुडादेखील कापून विकाऊ दागिना करता येत नाही.

आता राहिल्या त्या वस्तू, ज्या मुळात दागिने नव्हत्या किंवा आज फारसे कोणी घालत नाही. पुरुषांच्या सदऱ्याची साखळीने जोडलेली चांदीची बटणे, भिकबाळी, सलकडी, किल्ल्या अडकवायचा छल्ला, कुंकवाच्या करंड्याचे झाकण, लहान मुलाचे वाळे, पानदानातील चुन्याची डबी, तुटलेल्या नथीतील मोती: नव्या घडणीला खरा वाव येथे आहे, कारण यांतील बहुतेक गोष्टी मोडीत अगदी किरकोळ रक्कम आणतात आणि दागिना म्हणून मात्र सुंदर होतात. बटणांची साखळी जशीच्या तशी ठेवून तिचे गळ्यातले करता येते, दोन वाळ्यांचे झुबे होतात. नथीचे मोती जुने असतील तर ते इराणच्या आखातातले, बसरा मोती म्हणून ओळखले जाणारे नैसर्गिक मोती असण्याचा संभव असतो. मोती हा चुनखडीच्या जातीचा पदार्थ असल्याने तेजाबात विरघळतो आणि आचेने करपतो, म्हणून तार डाकवण्यापूर्वी तो उतरवून ठेवावाच लागतो. शेजारच्या बीदरहून आलेल्या बिदरी कामाच्या बटणांबाबत अधिक जपावे लागते: बिदरीचा मूळ धातू मुख्यतः जस्ताचा, जस्त सुमारे ४२० अंशांनाच वितळते, आणि वर जडवलेली चांदी वाचवायची तर तो तुकडा आगीजवळ न नेता कोंदणातच बसवणे भाग असते.

कापडाचेही असेच आहे. जुन्या पैठणीचा किंवा शालूचा जर खऱ्या चांदीच्या तारेचा असे, म्हणून विटलेले लुगडे जाळून राखेतून चांदी काढण्याची चाल होती. आता महाराष्ट्रात अनेक ठिकाणी स्त्रिया घरगुती उद्योग म्हणून पैठणीच्या काठांचे आणि खणांचे कानातले, गळ्यातले करतात. त्यातील पुष्कळ काम नव्या, कृत्रिम जरीच्या कापडावर चालते आणि ते निव्वळ शोभेचे असते. पण घरातील फाटक्या पैठणीचा शाबूत उरलेला काठ वापरून केलेला दागिना ही निराळी गोष्ट आहे, आणि ती जरीच्या राखेहून नक्कीच चांगली. याउलट, मुद्दाम काळवंडवलेल्या, यंत्रावर ओतलेल्या ‘अँटिक’ ठुशांचे जे पेव फुटले आहे, त्याचा वारशाशी काही संबंध नाही; त्या विकत घेण्यात गैर काही नाही, पण त्या घेण्यासाठी आजीची खरी ठुशी मोडीत घालणे हा मूर्खपणा आहे, असे स्पष्ट म्हणावे लागते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी रोजच्या वापरातील वस्तू आणि अलंकार वाचवले, म्हणून ते आज अभ्यासता येतात. मात्र घरोघरचे सर्व दागिने संग्रहालयात जाणे शक्य नाही आणि तसे व्हावे अशी कोणाची इच्छाही नसावी, कारण दागिना हा घालण्यासाठीच असतो. म्हणून निवड करावी लागते, आणि ती निवड पुढील क्रमाने व्हावी, असा या विवेचनाचा कौल आहे: ज्याचा फक्त दोरा गेला आहे तो गाठवून घ्यावा, ज्याचा एखादा भाग तुटला आहे तो त्याच कसाच्या सोन्याने डाकवून घ्यावा, जो आज कोणी घालणार नाही त्याचे भाग सुटे करून, न तापवता, नव्या दागिन्यात बसवावेत, आणि आटवावे ते केवळ सपाट, यंत्रावर ठोकलेले, गेल्या चाळीसेक वर्षांतले, ज्याची जोड बाजारात सहज मिळते असे. हातघडीच्या, लाख भरलेल्या, ठशाच्या कामाला मुशीत टाकण्याइतके सोने आज पुष्कळ घरांत दुर्मिळ झालेले नाही. दुर्मिळ झाला आहे तो तसे काम करणारा हात.

अंबाजोगाई आणि परिसरातील वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. मोड देण्याचे ठरलेच असेल, तर देण्यापूर्वी दागिन्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, लाखेसह आणि लाखेविना वजन नोंदवावे, घरात त्याला काय म्हणत ते नाव, तो कोणाच्या लग्नात कोणी घातला, कोणत्या गावच्या सोनाराने घडवला, आणि त्यातून पुढे काय केले, हे वहीत लिहून ठेवावे. आणि हे सारे सांगू शकणारी सत्तर-ऐंशी वर्षांची स्त्री घरात असेल, तर ते काम या वर्षीच करावे.